जुन्या गोदरेज खुर्च्या नव्याने उभ्या: रंग बघण्याआधी नळीच्या आत बघा

जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात जुन्या लोखंडी खुर्च्या दुरुस्त करून विकणाऱ्या शेड आहेत. त्यांपैकी एकीतल्या खुर्च्या खोलून, तोलून, उलट्या करून पाहिल्यावर लिहिलेलं हे परीक्षण. खुर्ची सगळ्यांच्या ओळखीची आहे. वाकवलेल्या नळीचा सांगाडा, सागवानी हात, वेताने विणलेली बैठक आणि पाठ. कोर्टात, तहसीलमध्ये, स्टेशनमास्तरच्या खोलीत, हेडमास्तरांच्या टेबलामागे हीच असायची.

निकाल आधीच सांगतो. सांगाड्याचं काम अव्वल, विणाई मन लावून केलेली. रंग चांगला, पण खुर्ची कुठे ठेवणार ते सांगूनच करून घ्यावा. पायांच्या टोकांना चढवलेले बूट मात्र साफ नापास.

माल येतो तो मुख्यतः निर्लेखनातून. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पतपेढ्या, बंद पडलेल्या गिरण्या अशा ठिकाणी खुर्ची निकामी ठरली की लिलावात निघते आणि भंगारात किलोवर जाते. अशा खुर्चीच्या बैठकीखाली किंवा पाठीच्या आडव्या नळीवर पांढऱ्या रंगात खात्याची आद्याक्षरं आणि डेड स्टॉक नंबर, म्हणजे कचेरीच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक, लिहिलेला असतो. तो नंबर म्हणजे खुर्चीचा जन्मदाखला नव्हे, पण रहिवासाचा दाखला नक्की. त्यावर 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' असं वाचता आलं, तर नोंद बहुधा १९६० च्या आधीची समजावी, कारण महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास या जिल्ह्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. या शेडमध्ये रंग काढण्याआधी नंबराचा फोटो घेतात आणि रंगकाम झाल्यावर तोच नंबर त्याच जागी हाताने लिहून देतात. मागितलं तरच देतात, म्हणून मागा.

खानदेशात काय आणि बाकी महाराष्ट्रात काय, 'गोदरेज' हा शब्द लोखंडी कपाटाला इतका चिकटला आहे की कुठल्याही कंपनीचं कपाट 'गोदरेजचं कपाट' होतं. खुर्चीचंही तसंच झालं आहे. म्हणून घेणाऱ्याने खऱ्या गोदरेजची गोष्ट थोडी माहीत करून घ्यावी. खुर्चीची घडण त्या गोष्टीतूनच समजते.

अर्देशीर गोदरेज शिकले वकिली, पण ती सोडून ते कारखानदारीत उतरले. आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून पाहिली. मालावर देशाचं नाव घालायला घेणारा तयार नव्हता, म्हणून त्या धंद्यावर पाणी सोडलं. १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. कुलपांमागून तिजोऱ्या आल्या. धाकटे भाऊ पिरोजशा हाताशी आले, आणि १९२३ पासून लोखंडी कपाटं आणि फर्निचर सुरू झालं. १९३२ मध्ये गोदरेज अँड बॉइस ही कंपनी नोंदली गेली. नावातले बॉइस हे भागीदार थोडाच काळ होते, नाव मात्र कायमचं राहिलं. अर्देशीर उतारवयात कारखाना भावाच्या हाती सोपवून नाशिकला शेती करायला गेले, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना विशेष जवळची वाटावी. १९३६ मध्ये ते वारले. पुढे कारखाना विक्रोळीला गेला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लोखंडी मतपेट्या तिथेच बनल्या, बारा लाखांहून जास्त. बाहेरून वेगळं कुलूप लावणं महाग पडलं असतं, म्हणून कुलूप पेटीच्या आतच बसवलं. १९५५ मध्ये टाइपरायटर आला. ज्या कचेरीत गोदरेजचं कपाट, त्याच कचेरीत गोदरेजचं टंकयंत्र आणि त्यापुढे गोदरेजची खुर्ची, असा तो काळ होता.

हे सगळं खुर्चीच्या परीक्षणात कशाला? कुलूप आणि तिजोरी बनवणाऱ्याला पत्रा मोजून कापायची, काटकोन धरायची आणि जोड लपवायची सवय असते. ती सवय या खुर्चीत दिसते. नळीची खुर्ची ही कल्पना युरोपातली. डिझायनर मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ मध्ये जर्मनीत पहिली केली, सायकलचं हँडल पाहून. आपल्याकडे त्या नळीला सागवान आणि वेत जोडला गेला, आणि आपल्या उन्हाळ्यासाठी तो निर्णय फार शहाणपणाचा ठरला. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा पत्र्याच्या किंवा रेक्झिनच्या बैठकीवर दहा मिनिटं काढून पाहा, मग वेताच्या जाळीची किंमत कळते.

खरी आणि नकली ओळखायला डोळ्यांपेक्षा तराजू बरा. सांगाड्याला साधारण सहा मीटर नळी लागते असं धरा. बाहेरून २५ मिमी आणि १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडीची नळी मीटरला ९२० ग्रॅमच्या आसपास भरते. १८ गेजची, म्हणजे १.२ मिमीची, ७०० ग्रॅम. २० गेजची, ०.९ मिमीची, ५३० ग्रॅम. म्हणजे नुसता सांगाडा जाड नळीचा असेल तर साडेपाच किलो, पातळ नळीचा असेल तर सव्वातीन. जुन्या हेवी सांगाड्यांची नक्कल पातळ नळीत करून त्यावर हॅमरटोन, म्हणजे हातोडीने ठोकल्यासारखा दिसणारा, रंग मारला की फोटोत फरक कळत नाही. वजनकाट्यावर लगेच कळतो. काटा नसेल तर पाठीची नळी नखाने वाजवा. जाड नळीचा आवाज भरीव आणि आखूड येतो, पातळ नळी डब्यासारखी वाजते. या शेडमध्ये तोललेले सांगाडे सगळे जाड नळीचे निघाले.

दुसरी खूण आट्यांची. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा. त्याच्या आधीच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या खुर्च्यांत पाव इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या, आट्यांचे स्क्रू सापडतात, इंचाला वीस आटे. आज बाजारात सहज मिळतो तो सहा मिमीचा स्क्रू, त्याचा आटा एक मिमीचा. दोन्ही दिसायला सारखे. सहा मिमीचा स्क्रू जुन्या भोकात दोन-तीन आटे बिनबोभाट जातो, मग अडतो, आणि पान्ह्याने रेटला की आतले आटे कापून टाकतो. हात डुगडुगणाऱ्या बहुतेक 'दुरुस्त' खुर्च्यांचं कारण एवढंच असतं. या शेडमध्ये जुने स्क्रू खुर्चीगणिक वेगळ्या डबीत ठेवतात, रॉकेलमध्ये भिजवतात आणि तेच परत लावतात. कमी पडला तर पाव इंची शोधून आणतात. आटे गेलेच असतील तर भोक मोठं करून आत नवं बुश, म्हणजे आटे पाडलेली छोटी नळी, बसवतात. या एका गोष्टीसाठी त्यांना पूर्ण गुण.

आता मुख्य मुद्दा, रंग उतरवणं आणि गंज काढणं. सर्वांत जास्त खुर्च्या इथेच बिघडतात, आणि बिघाड चार महिन्यांनी दिसतो.

जुना रंग जाळून काढू नये. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. जाळला तर धूर, कोरडा घासला तर धूळ, दोन्ही फुप्फुसात जातात. पेंट रिमूव्हर लावून खरवडावा किंवा एमरी पेपर पाण्याने ओला ठेवून घासावा. सँडब्लास्टिंग नळीला चालतं, पण पाठीला पातळ पत्रा असेल तर त्याला पोक येतो.

त्यानंतर खुर्ची पावडर कोटिंगवाल्याच्या, म्हणजे रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजणाऱ्याच्या, टाक्यांत जाते. सेव्हन टँक म्हणतात ती पद्धत. तेल काढणं, धुणं, आम्लात गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेटचा थर, अशी ती साखळी. पत्र्याच्या कपाटाला ही पद्धत उत्तम आहे. नळीच्या खुर्चीला धोक्याची आहे. नळीची टोकं टोपीने बंद असतात, पण जोडांना केसाएवढ्या फटी असतात. त्यांतून आम्ल आत शिरतं आणि बाहेर येत नाही. वरून धुतल्याने आतलं धुतलं जात नाही. भट्टीत पाणी उडून जातं, क्षार आतच राहतात. फेब्रुवारी ते मे खानदेशातली हवा इतकी कोरडी असते की काहीच दिसत नाही आणि खुर्ची झकास वाटते. जूनअखेर दमट हवा सुरू झाली की ते क्षार ओल ओढतात, नळी आतून गंजू लागते, आणि जोडापाशी तपकिरी ओघळ येतो. मग रंगाखाली फुगा, मग पोपडा. गिऱ्हाईक रंगवाल्याला दोष देतं. दोष नळीत अडकलेल्या आम्लाचा असतो.

उपाय साधा आहे आणि या शेडने तो अंगी बाणवलेला दिसतो. प्रत्येक बंद नळीला दोन भोकं पाडतात, ३ ते ४ मिमीची. एक पायाच्या टोकाशी, जिथे बूट झाकेल. दुसरं वर बैठकीच्या लाकडी चौकटीआड. टाकीतून काढल्यावर वरच्या भोकातून पाणी सोडतात, खालून स्वच्छ येईपर्यंत. मग लिटरला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवतात म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. पुन्हा साधं पाणी, आणि मग १२० अंशांवर अर्धा तास भट्टीत कोरडी. रंग भाजून झाल्यावर भोकातून गंजरोधक पातळ मेण आत सोडून खुर्ची चारी अंगांनी फिरवतात. मेण रंगाआधी सोडलं तर भट्टीत त्याची वाफ होऊन रंगावर खड्डे पडतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. कुठल्याही दुकानात जुनी नळीची खुर्ची घेताना बूट काढून भोक आहे का ते बघा. भोक नसेल आणि खुर्ची टाकीत बुडवून आणली असेल, तर पावसाळा होईपर्यंत पैसे रोखा.

कुजलेल्या पायाचं काम पाहण्यासारखं आहे. गंज नेहमी खालच्या दीड-दोन इंचांत असतो, कारण शहाबादी फरशी पाण्याने धुतली जाते आणि ते पाणी बुटात साठतं. कुजका तुकडा निरोगी लोखंड लागेपर्यंत कापतात, आत घट्ट बसणारी पाच सेंटीमीटरची दुसरी नळी अर्धी घुसवतात, बाहेरून त्याच गेजचा तुकडा चढवतात, दोन बाजूंना भोकं पाडून त्यांतून वेल्डिंग भरतात आणि मग गोल शिवण मारतात. वेल्डिंग सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या झोतातलं. साध्या आर्कने १६ गेज जमतं, पण हात हलका हवा. त्याहून पातळ नळीला भोक पडतं. काही जुने जोड पितळी झाळेचे असतात. तिथे झाळ लावतानाचा फ्लक्स काचेसारखा चिकटून राहतो. तो गरम पाण्याने आणि ब्रशने काढला नाही तर त्यावर रंग धरत नाही. शेवटी चारी पाय सपाट कडप्प्यावर ठेवून कर्ण मोजतात. दोन कर्णांत ३ मिमीपर्यंत फरक चालतो. पुढे गेला तर खुर्ची डुलते, आणि मग लोक एका पायाखाली पुठ्ठा घालतात. त्याने सांगाडा आणखी पिळला जातो.

रंगाबद्दल दोन आक्षेप आहेत. पहिला, मूळ रंग धड असला तरी इथे सरसकट काढतात. कारखान्यात भट्टीत भाजलेला जुना करडा रंग तीन चतुर्थांश शाबूत असेल तर तो ठेवावा. साबणाच्या पाण्याने धुवावा, गंजलेल्या ठिपक्यांवर तेवढंच काम करावं, वर मेणाचं पॉलिश द्यावं. हाताच्या घासणीने उजळलेल्या कडा कुठल्याही भट्टीत परत मिळत नाहीत. हवं असेल तर स्पष्ट सांगा, ते करून देतात, पण आपणहून सुचवत नाहीत. सुचवायला हवं.

दुसरा आक्षेप पावडरच्या निवडीचा. इथे बाय डिफॉल्ट वापरतात ती इपॉक्सी-पॉलिस्टर पावडर. १८० ते २०० अंशांवर भाजलेली, ६० ते ८० मायक्रॉनची. घरात उत्तम, ओरखड्याला टणक. पण पश्चिमेच्या ओट्यावर, व्हरांड्यात ठेवली तर आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत तिच्यावर खडूसारखी भुकटी येऊ लागते. उघड्यावर ठेवायची असेल तर शुद्ध पॉलिस्टर पावडर मागा. आणखी एक गोष्ट. नळीला पोचा असेल तर लांबी (पुट्टी) भरून त्यावर पावडर मारता येत नाही, कारण गाड्यांसाठीची साधी लांबी भट्टीत फुगते. पोचा लपवायचाच असेल तर भट्टीचा नाद सोडून दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवाऱ्याने मारावा. या शेडमध्ये लहान पोचे तसेच ठेवतात आणि तसं आधी दाखवतात. हे प्रामाणिक आहे.

विणाईवर मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. बैठकीची लाकडी चौकट, चारी कडांना भोकं. भोकांतलं अंतर अर्धा इंच असेल तर सव्वादोन मिमीचा वेत, पाच अष्टमांश इंच असेल तर अडीच मिमीचा. जाड वेत बारीक अंतरात कोंबला की जाळीची भोकं बुजतात आणि हवा जात नाही. एका बैठकीला सुमारे अडीचशे फूट वेत जातो. कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवायचा, त्याहून जास्त ठेवला तर करपट डाग येतात. चकचकीत बाजू कायम वर. आधी उभ्या ओळी, त्यांवर आडव्या, पुन्हा त्याच भोकांतून उभ्या, मग विणत जाणाऱ्या आडव्या, मग एक तिरपी, मग उलटी तिरपी, आणि सातवी कडेची पट्टी. तिरप्या ओळींची खरी परीक्षा असते. बरोबर गेल्या तर त्या फुलीच्या कोपऱ्यात सरकन बसतात. उलट बाजूने गेल्या तर प्रत्येक फुलीवर वेत वेताला घासतो, आणि वर्ष-दोन वर्षांत एकमेकांना कापतो. बोट तिरपीवरून फिरवा. खरखर लागली तर वीण चुकलेली आहे.

देशभरात अंध कारागिरांच्या कार्यशाळांनी कित्येक दशकं कचेऱ्यांच्या खुर्च्या अशाच विणल्या. बोटांना जे कळतं ते या कामात डोळ्यांपेक्षा पक्कं असतं, याचा पुरावा अजूनही न उसवलेल्या जुन्या बैठकीत मिळतो. या शेडमधली विणाई त्या जातीची आहे. खुंट्या घट्ट, ताण सारखा, खालच्या गाठी एका दिशेला. स्वस्तात हवं म्हणून तयार जाळीचा तुकडा चौकटीवर खिळ्यांनी ठोकून देण्याचा पर्यायही ते सांगतात. तो घेऊ नका. ती जाळी खाचेत पट्टीने दाबून बसवायची असते. भोकांच्या चौकटीला खाच नसते, त्यामुळे सगळा भार खिळ्यांवर येतो आणि पहिला खिळा सुटला की बैठक झोळी होते. प्लास्टिकचा वेतही टाळलेला बरा. पाणी सोसतो, पण सैलावतो, घाम धरतो, आणि उन्हात तडकतो.

वेताचा आपल्याकडचा शत्रू कोरडी हवा. मार्च ते जून वेत वाळून कडेला, भोकाच्या तोंडाशी तुटतो. पंधरा दिवसांतून एकदा खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवावं, रात्रभर सुकू द्यावी. वरच्या चकचकीत बाजूने पाणी शिरत नाही, म्हणून वरून पुसून उपयोग नाही. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये, कायम ओल राहिली तर बुरशीने काळा पडतो. आणि वेताच्या बैठकीवर उभं राहून पंखा पुसू नये. बसण्याचा भार पसरतो, टाचेचा एका जागी पडतो.

सागवानी हातांवर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात देतात, चमकदार व्हार्निश नाही, हे चांगलं. घरी तेल द्याल तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

राहता राहिले बूट. एवढं काम करून पायाला चढवतात ते बाजारातले पातळ, कडक प्लास्टिकचे बूट. नळीची कड धारदार असते, ती दोन महिन्यांत बुटाचा तळ कापून फरशीवर येते, ओरखडे पडतात आणि कडेचा रंग निघतो. गंज तिथूनच सुरू होतो. २५ मिमी आतल्या मापाचे जाड रबरी बूट घ्या. प्रत्येकाच्या तळाशी २४ मिमीचा लोखंडी वायसर टाका म्हणजे नळीचा भार वायसरवर बसतो. बुटाच्या बाजूला सुईने एक छिद्र ठेवा म्हणजे फरशी धुतलेलं पाणी आत साठणार नाही.

भाव खुर्ची पाहून ठरतो, म्हणून एकरकमी आकडा घेऊ नका. सांगाडा, रंग, विणाई आणि लाकूडकाम असे चार आकडे वेगळे लिहून मागा. विणाई हाताची असेल तर सगळ्यात मोठा आकडा तिचा असतो, आणि तसाच असायला हवा. जोडीने किंवा चारचा संच घेताना सगळ्यांची बैठकीची उंची टेपने मोजा. वेगवेगळ्या कचेऱ्यांतून आलेल्या खुर्च्यांचे पाय कापून बसवलेले असतात, आणि दोन सेंटीमीटरचा फरक जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर लगेच जाणवतो. ऑर्डर पावसाळा संपता संपता द्यावी. तेव्हा वेत मऊ राहतो, विणाई सुबक येते, आणि शेडमध्ये आधीच रंगवून ठेवलेल्या खुर्च्यांच्या जोडांवर ओघळ आले आहेत का, तेही बघता येतं.